हक्कसोड

रुवीतल्या देवळाच्या आवाराची वाटणी
दारामागे टाचलेल्या कागदावर आहे.
मोठं दालन मल्याळींना, दोन वेळा.
मग तमिळ, तेलुगू, फिलिपिनो, उर्दू.
ज्याचं कूळ मोठं त्याला वाटा मोठा.
आम्ही मराठी एकोणीस माणसं:
शुक्रवारी साडेसात ते साडेआठ,
एसीच्या यंत्रांमागची खोली.
चिठ्ठ्या टाकल्या होत्या म्हणे.
आमच्या चिठ्ठीत घरघर निघाली.

आज बोलायची पाळी एलीशा कसब्यांची.
ते बरक्याकडे मोजणीच्या टोळीत आहेत.
दिवसभर उन्हात आरसा लावलेला दांडा धरून
उभं राहायचं, हलायचं नाही.
लांबून कुणीतरी आकडा घेतो
आणि वाळूत एखाद्याची जमीन सुरू होते.
"बारा वर्षं झाली," ते म्हणाले,
"किती जणांच्या हद्दी माझ्या पायापासून निघाल्या.
माझा पाय मात्र दरवेळी उचलायला लावला."
सगळे हसले. ते हसले नाहीत.

मग त्यांनी शिलोचं सांगितलं.
सात कुळं तशीच बसून होती,
माणसं देशभर चालत गेली,
गावागणिक लिहून आणलं,
तेव्हा कुठे चिठ्ठ्या पडल्या.
"पण चिठ्ठीनं सगळं मिळत नाही.
दानाला मिळालं, राखता आलं नाही.
योसेफाचे लोक म्हणाले, थोडं आहे;
त्यांना सांगितलं, रानात जा, झाडं तोडा.
आणि लेवीला शेत नाहीच.
लेवीचा वाटा देव."

माझ्या पर्समध्ये घडी घातलेला कागद होता.
भावाने पाठवलेला,
वॉर्डच्या प्रिंटरवर मीच काढलेला:
मी, सुवार्ता रतन शिरसाठ, राजीखुशीने,
कोणत्याही दडपणाशिवाय...
वकिलातीचा शिक्का तेवढा राहिलाय.
दोन एकर चौदा गुंठे, नेवाशाच्या अलीकडे.
फोनवर तो हेच म्हणाला होता,
"ताई, तू लेवीसारखी. तुला देव रियालमध्ये देतो."

आमची ती जमीन वतनाची.
पणज्याला मिळाली ती बक्षीस म्हणून नाही,
गावाची मेलेली गुरं ओढण्यापोटी.
पुढे वडिलांनी सारा भरून ती सोडवून घेतली,
आणि पावती शास्त्राच्या पानात जपली,
जिथे वतन हा शब्द ओळीओळीला येतो तिथेच.
इथे वॉर्डात म्हातारी जुवैना विचारते, तुझं वतन कुठलं?
तिला म्हणायचं असतं देश.
मी दरवेळी गुंठ्यांवर अडते.

"आणि सलाफहादच्या मुली?" मी विचारलं.
कसब्यांनी घड्याळ पाहिलं.
दारात तमिळ तरुण कीबोर्ड घेऊन उभे होते.
"पुढच्या शुक्रवारी," ते म्हणाले,
आणि आम्ही आपापल्या खुर्च्या मिटल्या.

रात्रपाळीला मी एकटीच त्यांच्यापाशी गेले.
महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा.
पाचजणी मंडपाच्या दाराशी, सगळ्यांसमोर,
बापाचं नाव का पुसावं, विचारत.
त्यांना भाऊ नव्हता.
मला आहे. लहानपणी कडेवर घेतलेला,
ज्याच्या फीचे पैसे मीच पाठवले.
म्हणून त्यांचा न्याय मला जसाच्या तसा बसत नाही,
बाहीपाशी ओढतो.

पण पहाटे तीनला सलाइन बदलताना
पुढचं पान आठवलं:
लेवीलाही अठ्ठेचाळीस गावं दिली होती,
गुरांच्या कुरणांसकट.
देव वाटा असला तरी
पाठ टेकायला भिंत लागते, हे देवाला ठाऊक होतं.
भाऊ ते पान वाचायचं विसरला.
आणि देव माझा वाटा, हे वाक्य
ज्याचं त्याने आपल्यापुरतं म्हणायचं.
दुसऱ्याच्या तोंडून ते
कुलपासारखं वाजतं.

कागद फाडला नाही.
पाठकोऱ्या बाजूला लिहिलं:
मे महिन्यात येतेय. मोजणी बोलाव.
विहिरीकडची बाजू तुला हवी तर घे,
भांडणार नाही.
फक्त बांधावर
दांडा मी धरीन,
आणि आकडा लिहून होईपर्यंत
पाय उचलणार नाही.